चाकांवरच्या घरासाठी ट्रक

ते घर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या यार्डात, पाइपांच्या ढिगाशेजारी उभं होतं. पांढरं, लांबलचक, खिडक्यांना आतून पिवळसर पडदे. मागच्या अंगाला चाकं होती. पुढच्या अंगाला दोन लोखंडी पाय टेकलेले होते आणि त्यांच्याही पुढे घराचा वरचा भाग सज्जासारखा हवेत आला होता. त्या सज्जाखाली गार सावली पडली होती. फेब्रुवारी संपत आला होता, मस्कतमधलं ऊन अजून अंगाला बरं वाटत होतं. यार्डातली माणसं त्या सावलीत डबे उघडून बसली होती आणि कुणालाच त्या घराचं नवल वाटत नव्हतं. मी मात्र हातातली फाइल विसरून पाहत राहिले. घर म्हटलं की त्याला पाया असतो, एवढंच मला तोवर ठाऊक होतं.

गालातल्या त्या कंपनीत मी इंजिनियर होते. आम्ही पंप आणि जनरेटर विकायचो. कुठल्या विहिरीला कोणता पंप बसेल, कुठल्या खजुराच्या बागेला केवढा जनरेटर लागेल, हे ठरवणं माझं काम. लग्नानंतर मी नागपूरहून इकडे आले. नवरा भारतीय शाळेत गणित शिकवायचा. कंपनीच्या मालकांना सगळे अर्बाब म्हणायचे, तसं मीही म्हणायची. साठीच्या आसपासचे, बारीक, पांढऱ्याशुभ्र दिशदाशातले, म्हणजे पायघोळ अंगरख्यातले, अत्तराचा मंद वास मागे ठेवत चालणारे. मत्रहच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं दुकान होतं आणि शेजारची दुकानं पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेल्या भारतीय व्यापाऱ्यांची. त्यामुळे अर्बाबांची हिंदी आमच्या कुणाहीपेक्षा गोड होती. मला ते नावानं हाक मारत नसत, मुहंदिसा म्हणत, म्हणजे इंजिनियरबाई.

त्या दिवशी त्यांनी मला घराची पायरी चढून आत यायला सांगितलं. आत स्वयंपाकाचा ओटा होता, टेबल होतं, आणि दोन पायऱ्या चढून सज्जात गेलं की मोठा पलंग. पलंगाच्या तिन्ही बाजूंना खिडक्या. प्लॅस्टिकचा नवा वास अजून गेला नव्हता. आम्ही टेबलाशी बसलो.

"हे ओढायला ट्रक पाहिजे. तू निवड," ते म्हणाले.

मी म्हटलं, ट्रकमधलं मला काही कळत नाही. त्यावर ते म्हणाले, पंपातलं कळतं ना, मग झालं. इथंही ओझं आणि ताकद, दुसरं काय?

मग त्यांनी हे घर कशासाठी घेतलं ते सांगितलं. ते त्यांच्या आईसाठी होतं. आई वाळवंटातली. मस्कतहून सलालाहकडे जाताना मध्ये जे सपाट, खड्यांचं, न संपणारं मैदान लागतं, तिथल्या उंट आणि शेळ्या पाळणाऱ्या लोकांतली. वडिलांनी तरुणपणी तिकडे व्यापाराला म्हणून जाऊन तिच्याशी लग्न केलं आणि तिला समुद्रकाठी आणलं. साठ-पासष्ट वर्षं ती शहरात राहिली, मुलं वाढवली, नातवंडं पाहिली. आणि आता, सगळं झाल्यावर, तिला बंद खोलीत झोप येईनाशी झाली होती. अंगणात खाट टाकून द्यायचे, तर ती खाट सोडून जमिनीवर निजायची. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. बोलणं कमी झालं होतं. जे बोलायची तेही बऱ्याचदा तिच्या माहेरच्या बोलीत. ती बोली अरबी नव्हे, निराळीच, आता मोजकीच माणसं बोलतात. अर्बाबांना ती अर्धीमुर्धी कळायची. हे सांगताना ते टेबलावरच्या न दिसणाऱ्या रेघा बोटानं पुसत होते. मला माझ्या मुलीची आठवण झाली. ती शाळेत मैत्रिणींशी इंग्रजीत बोलायची आणि माझ्याशी मराठीत बोलताना प्रत्येक वाक्याच्या मधोमध अडखळायची.

उन्हाळ्यात सगळं ओमान सलालाहला जातं, तिथल्या पावसाळी धुक्यात आणि हिरवळीत. आदल्या वर्षी अर्बाब आईलाही घेऊन निघाले होते, पण वाटेतल्या हॉटेलच्या खोलीत तिनं पाऊल ठेवायलाच नकार दिला. ते अर्ध्यातून परतले. म्हणून हे घर. थांबेल तिथं तिचं, दार उघडलं की जमीन.

त्यानंतरचे दोन महिने मला एखाद्या लांबलेल्या दुपारसारखे आठवतात. पंपांचं काम चालूच होतं, पण मनात सतत ते पांढरं घर कुठल्यातरी रस्त्यावरून सरकत असायचं. संध्याकाळी घरी आले की मी नवऱ्याला त्याच गोष्टी सांगायची. तो वह्या तपासता तपासता ऐकायचा आणि अधूनमधून विचारायचा, "अगं, पण वळताना काय होतं?" प्रश्न बरोबर असायचा, कारण सगळी गोम वळण्यातच होती.

साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकाला अडकवतात. हे घर तसं नव्हतं. त्याच्या सज्जाखाली एक जाड पिन होती आणि ती ट्रकच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर बसवलेल्या एका लोखंडी थाळीत अडकवायची होती. फिफ्थ व्हील म्हणतात त्याला. त्यामुळे घर डोलत नाही, ट्रकच्या पाठीवर मान टेकून मुकाट्यानं मागे येतं. पण त्या मानेचं वजन थोडंथोडकं नसतं. सगळ्या घराच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा ट्रकच्या मागच्या चाकांवर येऊन बसतो. ट्रक किती ओढू शकतो हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं. पाठीवर किती झेलू शकतो हे दाराच्या आतल्या बाजूला, लहान अक्षरांत. हे मला कळलं तेव्हा दोन-चार दिवस मी रस्त्यात दिसेल त्या पिकअपच्या पाठीकडेच बघत होते.

अर्बाबांच्या मनात ट्रक आधीच ठरलेला होता. त्यांचा स्वतःचा, नवाकोरा, मोत्याच्या रंगाचा पिकअप, आत चामड्याच्या खुर्च्या आणि पेट्रोलचं भलंमोठं इंजिन. वाळूच्या टेकड्या तो खेळत चढायचा. मी आकडे मांडून सांगितलं की याला जमणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि थाळी बसवायला गाडी समोरच्याच वर्कशॉपमध्ये पाठवली.

थाळी बसली. एका सकाळी यार्डात सगळे जमले. घराचे पुढचे पाय हळूहळू आत घेतले तशी त्याची मान पिकअपच्या पाठीवर टेकत गेली, आणि पिकअपची पाठ खाली, खाली, आणखी खाली बसली. मोत्याच्या रंगाचं तोंड वर आभाळाकडे झालं. अर्बाब काही वेळ हात मागे बांधून पाहत राहिले.

"उंट असा उठत नाही. उंट आधी मागून उठतो," ते म्हणाले.

तरीही ते गाडीत बसले आणि यार्डातच एक वळण घेऊन पाहिलं. हौदा आखूड होता. वळताना घराचा पुढचा कोपरा फिरत फिरत केबिनच्या मागच्या काचेजवळ आला. मी हात वर केला. ते थांबले तेव्हा काच आणि कोपरा यांच्यामध्ये माझा पंजा कसाबसा मावत होता. अर्बाब उतरले, त्यांनीही तिथं आपला हात घालून पाहिला, आणि म्हणाले, खलास. मग पुन्हा कधी त्या गाडीचा विषय निघाला नाही.

त्यानंतर आम्ही शोधत राहिलो. बहुतेक वेळा अर्बाब आणि मी, आणि सुट्टीचा दिवस असला तर माझा नवराही. एका मोठ्या शोरूममध्ये एक पांढरा ट्रक होता, अर्बाबांच्या गाडीहून एक पायरी वरचा, लांब हौद्याचा. सगळ्यांना आवडला. आकड्यांतही तो बसत होता, पण अगदी काठोकाठ. घरात पाणी भरलं, गॅसची टाकी चढवली, आईचं सामान ठेवलं, पुढे माणसं बसली, की काठ ओलांडणार. मी नाही म्हटलं. विकणारा मला समजावत होता की इथं सगळे याहून जास्त लादतात आणि काही होत नाही. त्याचं खरं असेलही. पण मला रात्रंदिवस दुसराच रस्ता दिसत होता.

मैदान संपलं, थुमरेत गाव मागे पडलं, की सलालाहच्या आधी डोंगर लागतो. उन्हाळ्यात त्या डोंगरावर धुकं एवढं दाट उतरतं की पुढच्या गाडीचा दिवा हातभरावर आल्याशिवाय दिसत नाही. ओल्या रस्त्यानं, धुक्यातून, वळणावळणानं खाली उतरायचं. एकदा आम्ही आमच्या छोट्या गाडीतून तो घाट उतरलो होतो आणि नवऱ्यानं अख्खा घाट दुसऱ्या गिअरमध्ये काढला होता. त्या उतारावर पाठीमागे अख्खं घर घेऊन जायचं, आणि पुढच्या खुर्चीवर अर्बाबांची आई. चढवायला कुठलाही दमदार ट्रक चालेल. उतरवायला दांडगा हवा, मागे चार चाकांचा, भक्कम ब्रेकचा, इंजिननंच वेग धरून ठेवणारा.

असा ट्रक सापडला बरकाजवळ, घोड्यांच्या एका तबेल्यात. तिथले लोक घोडे न्यायच्या मोठ्या गाड्या ओढायला तो वापरत आणि आता नवा घेणार होते. डिझेलचा, खजुरी रंगाचा, उन्हानं टपावरचा रंग उडालेला. मागे दोन्हीकडे जोडचाकं, त्यामुळे त्याची कंबर रुंद दिसायची. हौद्यात थाळी आधीपासून होतीच. आत गवताचा, घामाचा, चामड्याचा वास. मी दार उघडून लहान अक्षरं वाचली. गाडीखाली वाकून पाहिलं. मग तबेल्याच्या माणसाबरोबर मागे घोड्यांनी भरलेला ट्रेलर लावून कच्च्या उतारावरून खाली आले. ट्रकनं वेग धरून ठेवला. मला आतून अगदी शांत वाटलं.

अर्बाब मात्र हिरमुसले. जुना आहे, ओबडधोबड आहे, रिकामा चालला की धक्के देतो, लोक म्हणतील अर्बाबांनी आईला घोड्यांच्या ट्रकमध्ये बसवलं. शोरूममधला पांढरा त्यांच्या मनातून जात नव्हता.  परतताना डाव्या हाताला समुद्र होता, कधी दिसायचा, कधी खजुरांच्या बागांमागे जायचा. शेवटी अर्बाबच म्हणाले, आईलाच दाखवू दोन्ही.

खाला यार्डात आल्या ती दुपार कलती होती. अर्बाबांच्या आईला आम्ही सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागलो ते त्या दिवसापासून. लहानशा, ताठ पाठीच्या. चेहऱ्यावर जुन्या चालीचा, कपाळ आणि नाक झाकणारा काळा मुखवटा, आणि त्याच्या मागे फार उजळ डोळे. शोरूमवाल्यांनी पांढरा ट्रक तासाभरासाठी पाठवला होता. त्यात त्या बसल्या, खुर्चीवर हात फिरवला, मुलाकडे बघून मान हलवली आणि उतरल्या. सगळं इतकं झटपट झालं की चांगलं की वाईट ते कुणालाच कळलं नाही.

घोड्यांच्या ट्रकमध्ये त्यांना चढताच येईना. पायरी फार उंच होती. अर्बाब उचलून बसवायला पुढे झाले, तर त्यांनी हात झिडकारला. मी धावत समोरच्या वर्कशॉपमध्ये गेले. त्यांच्याकडे रंगकामाची एक बुटकी लोखंडी घडवंची होती, ती आणून दाराशी ठेवली. माझ्या खांद्यावर हात ठेवून खाला चढल्या. त्यांचं वजन पाखरासारखं होतं.

आणि मग त्या उतरेनात. त्या उंच खुर्चीवरून यार्डाची भिंत खाली राहत होती. भिंतीपलीकडे गालाची गॅरेजं, पत्र्यांची छपरं, आणि त्यांच्या मागे तपकिरी, उघडेबोडके डोंगर. ऊन उतरत गेलं तसे ते डोंगर जांभळे झाले. मी शेजारच्या खुर्चीवर बसून होते. माझी अरबी कामापुरती, त्यांची निम्मी बोली माझ्या ओळखीची नाही, त्यामुळे आम्ही दोघी नुसत्या बाहेर बघत होतो. मध्येच त्यांनी खोल श्वास घेतला, तो आतला वास छातीभर घेतला आणि काहीतरी म्हणाल्या. खिडकीशी उभ्या असलेल्या अर्बाबांना मी विचारलं.

"म्हणतेय, याच्यात कुणीतरी राहून गेलंय," ते म्हणाले.

मगरिबची, सूर्यास्ताची अजान झाली तेव्हा त्या उतरल्या. अर्बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. ट्रक ठरला.

वर्कशॉपवाल्यांनी दाराखाली घडी होणारी पायरी बसवून दिली. ब्रेक, टायर, पंखा, सगळं मी डोळ्यांसमोर बदलून घेतलं. जुलैमध्ये आम्ही निघालो. अर्बाब स्वतः चालवणार होते, शेजारी खाला, मागच्या खुर्चीवर मी, कारण घराच्या चालण्याबद्दल कुठं काही शंका आली तर मी जवळ हवी असा त्यांचा हट्ट. मुलगी सुट्टीला नागपूरला आजीकडे होती. नवरा आमच्या छोट्या गाडीतून मागे येणार होता. शाळा बंद होती आणि त्याला ती लांब, सरळ वाट आवडायची.

निझवा मागे पडलं, आदम मागे पडलं, आणि मग पृथ्वी सपाट झाली. त्या वाटेवर काळाचा हिशोब राहत नाही. रस्ता पुढे जाऊन पाण्यात शिरतो, जवळ गेलं की पाणी नाही, पुन्हा पुढे पाणी. समोरून येणारे ट्रक आधी हवेत तरंगताना दिसतात, मग हळूहळू त्यांना चाकं फुटतात. मी आरशातून मागे पाहायची तर पांढऱ्या घराची फक्त कड दिसायची आणि त्याच्या फार मागे आमची गाडी, ठिपक्याएवढी. नवऱ्यानं नंतर सांगितलं, त्याला दिवसभर वाटत होतं की एक घर आपलं घरपण सोडून कुठंतरी निघालंय आणि आपण त्याला परत बोलवायला मागे चाललोय.

ट्रक चांगला चालला. भार आल्यावर त्याचे धक्के गेले होते. खाला पुढे बघत बसलेल्या. अधूनमधून डुलकी, मग पुन्हा जाग. पहिला मुक्काम एका पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत केला. खाला काही सज्जातल्या पलंगावर झोपल्या नाहीत. दाराजवळ, खाली अंथरूण घातलं. पण झोपल्या. अर्बाब सकाळी दोनदा येऊन पाहून गेले. एवढ्या गाढ झोपलेल्या आईला त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हैमा गाव ओलांडल्यावर खाला बोलू लागल्या. आधी एखादा शब्द, मग वाक्यं. खिडकीबाहेर मला काहीच वेगळं दिसत नव्हतं, तेच पिवळे-करडे खडे, तीच क्षितिजाची रेघ. त्यांना मात्र दिसत होतं. त्या बोट दाखवायच्या, काहीतरी म्हणायच्या, आणि अर्बाब "हां, हां" करायचे. ते सगळं त्यांना कळत नसावं. मग खालांनी हात पुढे केला आणि स्टिअरिंगवरच्या मुलाच्या मनगटावर ठेवला. डावीकडे. समुद्राच्या बाजूला.

अर्बाबांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. तिथं रस्ता नव्हता, जुन्या चाकोऱ्या होत्या, दूरवर गेलेल्या. त्यांनी वळून मला विचारलं, जमेल का? मी उतरले. नवराही मागून आला. आम्ही दोघं त्या चाकोऱ्यांवरून चालत गेलो, टाच आपटून जमीन पाहत. वर खडे, खाली घट्ट माती. जोडचाकांना वाळू चालली नसती, ही जमीन चालण्यासारखी होती. मी परत येऊन म्हटलं, हळू हळू जाऊ, मी पुढे चालते. मग त्या भर दुपारी, डोक्यावर ओढणी घेऊन मी पुढे चालत होते, माझ्यामागे माणसाच्या चालीनं तो खजुरी ट्रक, आणि त्याच्यामागे अख्खं घर, पडदे हलत असलेलं. जिथं जमीन खात्रीची वाटली तिथून मीही गाडीत बसले.

काही बाभळीची झाडं आली. वाऱ्यानं सगळी एकाच बाजूला झुकलेली. खालांनी हात उचलला. आम्ही थांबलो, घराचे पाय खाली टेकवले, ट्रक त्याच्यापासून सोडवला. खाला पायरीवरून उतरल्या, चपला काढल्या आणि झाडांमधून चालत गेल्या. अर्बाब मागे जायला निघाले, मग थांबले.

संध्याकाळी खालांनी घरातली एक जाड घोंगडी मागून घेतली आणि बाभळीच्या फांद्यांवर पसरून टाकली. कशाला, ते कुणाला कळलं नाही.

पहाटे मला जाग आली ती ओलाव्यानं. आमचा मुक्काम घराशेजारच्या तंबूत होता. बाहेर आले तर जग नाहीसं झालं होतं. समुद्र तिथून किती लांब, तरी त्याचं धुकं मैदानावरून सरपटत येऊन आमच्यावर बसलं होतं. घर दिसत नव्हतं, ट्रक दिसत नव्हता. बाभळीच्या काट्याकाट्याला थेंब, आणि ते थेंब खाली खड्यांवर पडल्याचा आवाज, टप, टप, सगळीकडून. वाळवंटात असं काही होतं हे मला ठाऊक नव्हतं. मी आवाजाच्या दिशेनं गेले तर खाला झाडाखाली उभ्या. घोंगडी भिजून जड झाली होती. त्यांनी खुणेनं मला एक टोक धरायला सांगितलं. दोघींनी मिळून ती पिळली. पातेल्यात पाणी पडलं, गढूळसर, लोकरीच्या वासाचं. त्यांनी चेहऱ्यावरचा मुखवटा वर केला, त्या पाण्यानं तोंड धुतलं, आणि उरलेलं ओंजळीत घेऊन माझ्यासमोर धरलं. मी प्यायले. खारट लागेल असं वाटलं होतं. गोड होतं.

धुकं उठायला लागलं तसा चहा झाला आणि अर्बाबांनी सामान आवरायला सुरुवात केली. सलालाहमध्ये भावंडं वाट पाहत होती, जागा ठरवलेली होती. खाला झाडाशी टेकून बसल्या त्या उठल्याच नाहीत. अर्बाब त्यांच्यासमोर उकिडवे बसले. मायलेक अरबीत बोलले, म्हणून मला कळलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत पोचू, आई. तिथं सगळं हिरवं आहे."

"तू जा. मी पोचले."

"इथं काही नाही, आई."

 खालांनी जमिनीवरचा एक खडा उचलला, मुलाच्या तळहातावर ठेवला आणि त्याला एक शब्द सांगितला. अर्बाबांनी तो शब्द म्हणून पाहिला. खालांनी मान हलवून पुन्हा सांगितला. अर्बाबांनी पुन्हा म्हटला. असं तीन-चारदा झालं. मग खाला झाडाकडे बोट दाखवून दुसरा शब्द म्हणाल्या. मी आणि नवरा तिथून उठून ट्रकच्या पलीकडे गेलो.

सलालाहचा घाट त्या ट्रकनं कधीच उतरला नाही. ज्या उतारासाठी मी एवढी डोकेफोड केली तो राहूनच गेला, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. नवरा आणि मी आमच्या छोट्या गाडीनं पुढे जाऊन, अर्बाबांच्या भावंडांना निरोप देऊन, दोन दिवस धुक्यात फिरून आलो. परत येईपर्यंत हैमाकडची दोन नात्यातली कुटुंबं खालांना शोधत तिथं पोचली होती. शेळ्या आल्या होत्या. घराच्या सज्जाखाली चटया पसरलेल्या होत्या आणि त्यावर अर्बाब, अंगावर फक्त बनियन आणि लुंगी, भर दुपारी तोंड उघडं टाकून झोपले होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्याला धरून खाला तीन उन्हाळे तिथं राहिल्या. हिवाळ्यात मस्कतला यायच्या, कडक ऊन सुरू झालं की निघायच्या. चौथ्या वर्षी निघायच्या आधीच गेल्या, अंगणात, झोपेत. अर्बाबांनी ते घर हैमाच्या नातेवाइकांना देऊन टाकलं. ट्रक मात्र ठेवला. आम्हीही त्यानंतर थोड्याच दिवसांत ओमान सोडलं.

पण मला वारंवार आठवते ती दुसऱ्या उन्हाळ्यातली वाट. तेव्हाही मी बरोबर होते. आदमच्या पुढे कुठंतरी मागच्या जोडचाकातलं आतलं एक फुटलं. बाहेरचं चाक भार झेलत राहिलं, त्यामुळे अर्बाबांना आणि मला काही जाणवलं नाही. खालांना आवाज आला. त्यांनी हात वर केला आणि आम्ही थांबलो. आतलं चाक काढायचं तर आधी बाहेरचं काढावं लागतं. अर्बाब आणि माझा नवरा जॅक लावून घाम गाळत होते. घराच्या लांब सावलीत खालांनी चटई टाकायला लावली. खजूर निघाले, थर्मासमधली कहवा, म्हणजे अरबी कॉफी, निघाली. कुठून कोण जाणे एक उंटवाला आला, उंट थोडे लांब ठेवून सावलीच्या कडेला बसला, आणि खाला त्याच्याशी त्यांच्या बोलीत बोलू लागल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मध्येच त्या हसायच्या, तोही हसायचा. मी कान देऊन ऐकत होते, एक अक्षर कळत नव्हतं. ऊन पांढरं झालं होतं, गरम वारा घराखालून वाहत होता, चाकाचे नट एकेक करून चटईवर येऊन पडत होते. चाक बसलं, जॅक निघाला. अर्बाब हात पुसत आले, त्यांनी बोलणाऱ्या आईकडे पाहिलं आणि चटईच्या टोकाला बसून स्वतःसाठी कहवा ओतून घेतली. माझा नवराही बसला. निघायचं कुणीच म्हणालं नाही.